भट्टीचें टांगतें छत

घोलवडच्या स्टेशनावर उतरून समुद्राकडे चालूं लागलें म्हणजे चिकूच्या वाड्या लागतात. उलट, पूर्वेस तलासरीच्या अंगास वळलें म्हणजे भातशेतें, ताडांच्या रांगा व वारली वस्तीचे पाडे दिसूं लागतात. या पाड्यांतील अनेक कुटुंबें दिवाळी आटोपली कीं भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तेव्हां विटेची भट्टी कशी असते हें या भागांत शाळेंतील मुलासहि समजावून सांगावें लागत नाहीं. ज्या श्रोत्यांनीं ती पाहिली नसेल त्यांच्यासाठीं मात्र दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच होतो.

वीटभट्टी ही वास्तविक भट्टी नव्हेच. ती विटांची एक प्रचंड रास असते. तळाशीं जळण घालण्यासाठीं बोळ सोडलेले असतात, त्यांच्या वर कच्च्या विटांचे थरावर थर रचतात, मधून कोळशाची भुकटी किंवा भाताचें तूस पसरतात, आणि बाहेरून चिखलाचा गिलावा करून वरच्या अंगास राख व माती दडपतात. तळाच्या बोळांवर छत कसें धरतें? प्रत्येक थरांतील वीट खालच्या विटेहून बोट-दोन बोटें पुढें सरकवीत नेली म्हणजे दोन्ही बाजूंच्या विटा वर एकमेकींस येऊन भिडतात. रास पेटते, आठवड्यां-पंधरवड्यांत विझते, निवते आणि मग मजूर तीच भट्टी मोडून गाडींत भरतात. येथें माल हाच भट्टीची भिंत आणि माल हेंच भट्टीचें छत. छप्पर टिकावें कसें हा प्रश्न वीटभट्टीवाल्यास कधीं पडतच नाहीं, कारण तें टिकावें अशी त्याची इच्छाच नसते.

आतां घोलवडहून दक्षिणेकडे गाडीनें तिसरें स्टेशन, बोईसर, येथें उतरावें. तारापूरची औद्योगिक वसाहत तेथें पसरलेली आहे व तींत पोलादाचे दांडे तापवून त्यांच्या सळया, पट्ट्या व तारा ओढणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत दांडे तापविण्याची जी लांबट भट्टी असते तिच्या एका तोंडानें थंड दांडे आंत ढकलीत जातात आणि दुसऱ्या तोंडानें ते सुमारें १२०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापून, पिवळेधमक होऊन बाहेर पडतात. ही भट्टी आठवडेच्या आठवडे विझत नाहीं. तिच्या भिंती, तिची जमीन आणि तिचें छत हीं तिन्ही कायमचीं हवींत. त्यांपैकीं जमिनीस खालून धरतीचा आधार आहे. भिंत आपल्या पायावर उभी राहते. छताखालीं मात्र काय आहे? तर केवळ ज्वाळा. तेथें खांब उभा करतां येत नाहीं, लाकडी वांसा टाकतां येत नाहीं, आणि लोखंडी तुळई टाकली तर ती तासाभरांत मेणाप्रमाणें वांकून जाईल. निखाऱ्यावर विटेचें छप्पर अधांतरीं कसें धरावें, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचें जुनें उत्तर कमान हें आहे. विजापूरचा गोलघुमट १६५६ सालीं पुरा झाला; त्याचा आंतील व्यास सुमारें ३८ मीटर असून मधें एकहि खांब नाहीं. कमानींतील प्रत्येक वीट खालीं पडूं पाहते, पण दोन्ही शेजारणी तिला दाबून धरतात. त्या शेजारणींस त्यांच्या शेजारणी दाबतात, आणि असा हा दाब उतरत उतरत कमानीच्या दोन टोंकांशीं येऊन पोंचतो. तेथें तो नुसता खालीं जात नाहीं; भिंतीस बाहेर लोटूं पाहतो. आमच्याकडील गवंड्यांस हा बाहेरचा रेटा हिशेबावांचूनहि ठाऊक असतो. कमानीच्या दोन्ही अंगांस भरभक्कम बांधकाम घ्यावें लागतें असें ते सांगतात तें याचमुळें.

हिशेबानें पाहिलें तर एक मौजेची गोष्ट आढळते. कमान दोन टोंकांच्या मधें जितकी रुंद, त्याच्या एक-अष्टमांश तिची उंची ठेवली, तर प्रत्येक बाजूस पडणारा आडवा रेटा बरोबर संपूर्ण कमानीच्या वजनाइतका भरतो. उंची निम्मी केली कीं रेटा दुप्पट होतो. तीन मीटर रुंद आणि बारा मीटर लांब अशा भट्टीवर २३ सेंटिमीटर जाडीची कमान घातली, तर एका चौरस मीटरास सुमारें ४६० किलो या मानानें तिचें वजन साडेसोळा टन होतें. अर्थात् एक-अष्टमांश उंची धरली तरी दोन्ही भिंतींस प्रत्येकीं साडेसोळा टनांचा धक्का अहोरात्र बसत राहतो. मग कमान उंच कां करूं नये? कारण उंच कमानीखालीं तप्त वायु वरच्या पोकळींत साठून राहतात, माल खालीं गार राहतो आणि जळण फुकट जातें. भट्टी बांधणाऱ्यास म्हणून चपटी कमान हवी असते, आणि चपट्या कमानीचा रेटा अधिक! तो सोसण्यासाठीं भट्टीच्या बाहेरून उभे गर्डर लावून, ते माथ्यावरून व तळाखालून जाड सळयांनीं एकमेकांस जखडून टाकतात. जुन्या भट्ट्यांच्या अंगावर नटबोल्टांचीं जीं भलीं मोठीं टोंकें दिसतात तीं याच सळयांचीं.

गोलघुमटाची कमान आणि भट्टीची कमान यांत आणखी एक भेद आहे. गोलघुमट तापत नाहीं. भट्टीची कमान आंतून १२५० अंश आणि बाहेरून अडीच-तीनशें अंश अशी असते. साध्या अग्निरोधक मातीची वीट हजारएक अंशांपर्यंत तापली म्हणजे दर मीटरास पांच-सहा मिलिमीटर वाढते. आंतलें अंग वाढतें, बाहेरचें तितकें वाढत नाहीं. त्यामुळें कमान फुगून माथ्याशीं वर उचलली जाते, विटांचे बाहेरचे सांधे उघडतात, आणि सारा दाब विटेच्या आंतल्या, ज्वाळेकडच्या कडेवर एकवटतो. म्हणजे वीट जेथें सर्वांत जास्त तापलेली तेथेंच तिच्यावर सर्वांत जास्त भार! ही वीट नुसती ठेवली तर सुमारें १७०० अंशांपर्यंत वितळत नाहीं. पण चौरस सेंटिमीटरास दोन किलो एवढ्याच भाराखालीं तापवीत नेली तर तेराशें-चौदाशें अंशांच्या सुमारासच ती मऊ पडून दबूं लागते. कारखान्यांत वीट विकत घेतांना पहिला आंकडाच बहुधा विचारला जातो, दुसरा क्वचित्. कमानीचें आयुष्य मात्र दुसऱ्यावर अवलंबून असतें.

अशा दाबानें विटेच्या आंतल्या कडेचे पोपडे सुटतात. पोपडा सुटला कीं कमान तेथें पातळ होते, पातळ झाली कीं अधिक तापते, आणि एके दिवशीं एक वीट निसटते. कमानींत प्रत्येक वीट दुसरीच्या भरंवशावर असल्यामुळें तिच्यामागोमाग तिच्या शेजारणीहि येतात. मग भट्टी विझवावी, दिवस-दोन दिवस निवूं द्यावी, आंत लाकडी साचा उभा करावा, कमान नव्यानें बांधावी, साचा काढावा आणि पुन्हां हळूहळू तापवावी याला गत्यंतर नसतें. भट्टी पेटवितांना सळयांचे नट थोडथोडे सैल करीत जावें लागतें आणि विझवितांना पुन्हां आवळीत यावें लागतें. हें काम नेहमींच्या माहितगार माणसाच्या हातीं असावें लागतें, व तो रजेवर गेला म्हणजे काय होतें हें कारखान्यांतील लोक जाणतातच.

कमानीची ही निंदा सर्वत्र लागू नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. कांचेच्या भट्टीवर आजहि कमानच घालतात. तळेगांवचा पैसा फंडाचा कांच-कारखाना १९०८ सालीं निघाला; कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं कांचेचा धंदा उभारून प्रभाकर कंदील घरोघर पोंचविला. कांचेच्या मोठ्या भट्टीच्या माथ्यास आज जी वीट वापरतात ती मातीची नव्हे, गारेची, म्हणजे सिलिकाची. या विटेचा स्वभाव विलक्षण आहे. पहिल्या सहाशें अंशांतच ती आपली बहुतेक वाढ उरकून घेते आणि मग पुढें फारशी वाढत नाहीं. शिवाय वितळण्याच्या अगदीं जवळ येईपर्यंत ती भाराखालीं दबत नाहीं. पण आरंभींच्या त्या वाढीच्या काळांत तिला घाईनें तापविलें तर तिच्या ठिकऱ्या उडतात. कांचेची भट्टी एकदां पेटली कीं वर्षानुवर्षें विझत नाहीं, म्हणून तिला ही हट्टी वीट मानवते. रोलिंग मिलची भट्टी मात्र सणासुदीस, मागणी मंदावली असतां अथवा वीज बंद असतां विझते. तिच्यासाठीं ही वीट उपयोगाची नाहीं.

तर मग दुसरा उपाय कोणता? तो प्रत्येक जुन्या मराठी स्वयंपाकघरांत आढ्याला लोंबत असे. दुधाचें भांडें मांजराच्या तोंडीं लागूं नये म्हणून तें खालून न टेकवितां वरून शिंक्यांत ठेवीत. भट्टीचें छतहि असेंच वरून धरावें, प्रत्येक विटेस तिचें स्वतःचें शिंकें द्यावें, आणि शिंकें ज्या आढ्याला बांधलें तें आढें भट्टीच्या वर, थंड हवेंत ठेवावें, ही टांगत्या छताची सारी कल्पना. वीट मग शेजारणीवर भार टाकीत नाहीं, भिंतीस लोटीत नाहीं. तिचें वजन सरळ वर जातें. रेटा शून्य झाला म्हणजे कमानीचा आकारहि लागत नाहीं. छत सपाट करतां येतें, उतरतें करतां येतें, मध्येंच खालीं आणून ज्वाळा मालावर दाबतां येते. आणि रुंदीची मर्यादा तर उरतच नाहीं, कारण दहा मीटर रुंदीच्या छतांतील विटेस तीन मीटरांच्या छतांतील विटेहून रतिभरहि अधिक भार सोसावा लागत नाहीं.

ही युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत प्रथम बॉयलरांच्या भट्ट्यांसाठीं रूढ झाली. वाफेची भूक वाढली, यंत्रानें कोळसा घालण्याची सोय झाली, भट्ट्या रुंद होत गेल्या, आणि रुंद कमानी कोसळूं लागल्या. तेव्हां छत टांगण्यावांचून इलाज राहिला नाहीं. पुढें शतकाच्या मध्यास पोलादाच्या ओपन हार्थ भट्ट्यांवर क्रोम-मॅग्नेसाइटच्या जड विटा टांगूं लागले. त्या भट्ट्या आज मागें पडल्या. टांगतें छत मात्र राहिलें.

कल्पना सोपी असली तरी तिचा आराखडा करणाऱ्यास पुष्कळ विचार करावा लागतो. पहिली गोष्ट म्हणजे छताचें वजन भिंतीवर पडतां कामा नये. वर ज्या भट्टीचा दाखला घेतला, तिचें सपाट छत केलें तरी साडेसोळा टन वजन आहेच. तें कोठें नाहींसें झालें नाहीं. तें आतां भट्टीच्या दोन्ही अंगांस उभ्या केलेल्या पोलादी खांबांवर व त्यांवरील आडव्या तुळयांवर येतें. भिंत स्वतःपुरती उभी, छत स्वतंत्र. दोहोंच्या मधली फट ज्वाळा बाहेर येऊं न देणाऱ्या पण दोघांसहि हलूं देणाऱ्या मऊ पदार्थानें भरावी लागते. पूर्वीं त्यासाठीं वाळूची चर करीत, आतां सिरॅमिक तंतूंची दोरी घालतात.

दुसरी गोष्ट विटेचा व तिच्या आंकड्याचा आकार. विटेच्या वरच्या डोक्यास खांच अथवा कान ठेवतात. त्यांत बिडाचा किंवा उष्णता सोसणाऱ्या मिश्र पोलादाचा आंकडा अडकतो, आणि आंकडा वर नळीस किंवा लहान तुळईस लटकतो. प्रत्येक वीट टांगावी कीं तीन विटांपैकीं मधली टांगून बाजूच्या दोघींस तिच्या खांद्यावर टेकवावें, यावर कारखानदारांत नेहमीं वाद होतो. दुसऱ्या रीतीनें आंकड्यांचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो हें खरें. परंतु एक आंकडा तुटला तर तीन विटा येतात, आणि ज्या दोषासाठीं कमान सोडली तोच दोष या काटकसरीनें मागील दारानें पुन्हां आंत शिरतो. भट्टीचा जो भाग सर्वांत तप्त असतो तेथें तरी हा लोभ धरूं नये.

तिसरी गोष्ट वाढीसाठीं जागा. बारा मीटरांचें छत दर मीटरास सहा मिलिमीटर वाढलें तर एकूण ७२ मिलिमीटर वाढणार. तेवढी जागा एकाच टोंकाशीं ठेवली तर थंड भट्टींत तेथून हात आंत जाईल. म्हणून दर दीड मीटरास नऊ मिलिमीटर अशा आठ लहान फटी सोडतात, व त्या सरळ आरपार न ठेवतां पायरीसारख्या मोडीत नेतात, म्हणजे ज्वाळेस वर येण्यास सरळ वाट मिळत नाहीं. ही फट गवंड्याच्या डोळ्यांस खुपते. नीटनेटक्या कामाची संवय असलेला गवंडी ती मसाल्यानें भरून काढतो, आणि भट्टी तापली कीं विटा एकमेकींस चिरडूं लागतात. टांगलेलें छत जणूं पुन्हां कमान होऊं पाहतें. फट भरूं नका, हें वाक्य नकाशावर लिहून भागत नाहीं. काम चालू असतां जवळ उभें राहून सांगावें लागतें.

परंतु सर्वांत मोठा धोका यापैकीं कशांतच नाहीं. तो एका चांगल्या हेतूंत आहे. तेवीस सेंटिमीटर जाड साध्या अग्निरोधक विटेच्या छतांतून दर चौरस मीटरास सुमारें पांच किलोवॉट उष्णता वर निघून जाते. घरगुती विजेची शेगडी दोन किलोवॉटची धरली तर प्रत्येक चौरस मीटरावर अडीच शेगड्या रात्रंदिवस रिकाम्या जळत ठेवल्यासारखें हें आहे, आणि आपल्या दाखल्यांतील छत ३६ चौरस मीटरांचें! जळणाचा भाव चढला कीं कोणी तरी कर्तव्यदक्ष फोरमन छतावर चढतो आणि उष्णता अडविणाऱ्या लोकरीच्या गाद्या तेथें पसरून देतो. महिन्याभरांत जळणाचें बिल उतरतें, फोरमनची पाठ थोपटली जाते. पण त्या गादीखालीं काय घडतें? उष्णता वर जाईनाशी होते म्हणून विटेचें डोकें तापतें, डोक्यांत अडकलेला आंकडा तापतो. साधें बीड साडेपांचशें अंशांच्या पलीकडे अशक्त होतें, फुगतें व तडकतें. जो आंकडा थंड राहील या एका गृहीतावर सारें छत उभें, किंवा खरें म्हणजे लोंबत होतें, तें गृहीतच पांघरुणाखालीं झांकलें गेलें. मग एके रात्रपाळीस पहिली वीट येते.

याच कारणानें छतावर सांचणारी धूळहि वेळोवेळीं झाडावी लागते. चार बोटें धूळ म्हणजे फुकटची गादीच. उष्णता वांचवावयाची असेल तर ती योजना नकाशावर प्रथमच झाली पाहिजे: विटेच्या डोक्याभोंवतीं हलक्या, सच्छिद्र विटेचा थर घालावा, आंकडे मात्र त्यावर उघडे ठेवावे, आणि ते बिडाऐवजीं क्रोमियम-निकेलच्या पोलादाचे घ्यावे. हा खर्च आरंभीं जड वाटतो. मागून पसरलेल्या गादीपेक्षां तो स्वस्तच पडतो.

टांगत्या छताचा मोठा गुण दुरुस्तीच्या वेळीं दिसतो. एक वीट झिजली तर तिचा आंकडा सोडवून, ती काढून, तिच्या जागीं वरून नवी अडकवितां येते. शेजारणींस त्याचा पत्ताहि लागत नाहीं. किरकोळ काम तर भट्टी धगधगत असतांनाच उरकतात. पण येथें विटेहून अधिक मोलाच्या वस्तूचा प्रश्न उभा राहतो. तें काम करणारा माणूस त्या वेळीं कोठें असतो? तो छतावर असतो. त्याच्या पायाखालीं वीतभर जाडीची वीट, आणि विटेखालीं साडेबाराशें अंशांचा खड्डा. डहाणू-तलासरीच्या पाड्यांतील तरुण तारापूरच्या कारखान्यांत रोजंदारीवर जातात. कंत्राटदार आज या कामास लावतो, उद्यां त्या. वीटभट्टीच्या राशीवर ज्याचें बालपण गेलें त्यास भट्टीच्या माथ्यावर पाय देण्यांत भय वाटत नाहीं, कारण तेथें माथा भरीव होता. येथें तो पोकळ आहे, आणि वरून पाहणाऱ्यास दोहोंत कांहींच फरक दिसत नाहीं!

टांगत्या विटेवर कधींहि पाऊल ठेवूं नये. ती स्वतःचें वजन पेलण्यासाठीं टांगलेली आहे, माणसाचें नव्हे. तुळयांवरून आडव्या पोलादी फळ्या टाकून, त्यांस कठडा करून, त्यावरूनच फिरावें. छातीस पट्टा बांधून त्याची दोरी वरच्या गर्डरास अडकवावी. आणि एकट्यानें वर जाऊं नये. चांगला आराखडा करणारा या फळ्यांची जागा नकाशांतच दाखवितो व त्यांचा भार तुळयांच्या हिशेबांत धरतो. ज्या नकाशांत हें नाहीं तो अर्धाच नकाशा समजावा, मग त्यांतील विटांचे आंकडे कितीहि बिनचूक असोत. वाफ व वायु यांचाहि विचार हवा: छताच्या फटींतून निसटणारा धूर विषारी असतो आणि उन्हाळ्याच्या दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं तो कोंडतो. दोन छपरांच्या मधें सांपडलेल्या माणसास हवा मिळावी म्हणून वरच्या पत्र्यास झरोके ठेवण्यास असा काय मोठा खर्च येतो?

अलीकडे विटांच्या जागीं एकसंध ओतींव छत करण्याची पद्धत फार पसरली आहे. अॅल्युमिनायुक्त सिमेंट व भाजलेल्या अग्निरोधक खडीचा कालवलेला मसाला, ज्यास कास्टेबल म्हणतात, तो खालून फळ्या लावून ओततात. पण तोहि आपल्या बळावर राहत नाहीं. त्याच्या अंगांत ठराविक अंतरानें भाजलेल्या मातीचीं दांतेरी पाचरें रोवलेलीं असतात व तीं वरून टांगलेलीं असतात. म्हणजे शिंकें आहेच, फक्त भांडीं एकमेकांस जोडलेलीं. सांधे कमी, काम झटपट. तथापि या मसाल्यांत पाणी असतें, आणि तें पाणी सावकाश न घालवितां भट्टी घाईनें पेटविली तर आंत कोंडलेल्या वाफेनें छताचे तुकडे तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडतात. म्हणून पहिली आंच कित्येक तास शंभर-दीडशें अंशांवरच धरून ठेवावी लागते व पुढेंहि तासास थोडे थोडे अंश चढवीत जावें लागतें. उत्पादनाची घाई आणि छताची सावकाशी यांचा जेथें सामना होतो, तेथें बहुधा घाईच जिंकते आणि दुरुस्तीचें बिल मागाहून येतें.

टांगण्याच्या या युक्तीचें सर्वांत भव्य रूप घोलवडच्या लोकांस पाहण्यासाठीं तारापुरापर्यंतहि जावें लागत नाहीं. डहाणूच्या खाडीकांठचें औष्णिक वीजकेंद्र १९९५ सालीं सुरू झालें. त्यांत २५० मेगॅवॉटचे दोन संच आहेत. तत्पूर्वीं, २० जून १९९१ रोजीं, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजुक म्हणून जाहीर झाला होता, आणि धुरानें चिकूचा मोहर जळेल कीं काय ही बागाइतदारांची भीति न्यायालयापर्यंत गेली. १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं तालुक्यासाठीं प्राधिकरण नेमण्यांत आलें, व पुढें २००७ सालीं समुद्राच्या पाण्यानें धूर धुण्याची यंत्रणा तेथें चालू झाली. घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें तें २०१६ सालीं. हा इतिहास निराळ्या भाषणाचा विषय होईल. येथें त्या केंद्राच्या पोटांतील भट्टीपुरतें पाहावयाचें आहे.

कोळशाच्या पिठावर चालणाऱ्या या मापाच्या बॉयलरांत नुसतें छतच नव्हे तर सबंध भट्टीच टांगलेली असते. तिच्या भिंती विटांच्या नसून पाणी व वाफ वाहणाऱ्या पोलादी नळ्या एकमेकींस जोडून केलेल्या असतात. अग्निरोधक मसाला उरतो तो छताच्या फटी बुजविण्यापुरता आणि कोपऱ्यांकानांत. अनेक मजली उंचीचें हें धूड वर आडव्या घातलेल्या प्रचंड गर्डरांना लांब सळयांनीं लोंबकळत असतें. जमिनीवर टेकवून कां नाहीं ठेवलें? त्याचें कारण पुन्हां वाढच. पन्नास मीटर उंचीचें पोलादी अंग साडेतीनशें अंशांनीं तापलें म्हणजे सुमारें २१ सेंटिमीटर, चांगलें वीतभर, वाढतें. खालीं टेकलें असतें तर तें वर चढलें असतें आणि माथ्याच्या सर्व वाफनळ्या मुरगाळल्या असत्या. वरून टांगल्यामुळें ते खुशाल खालीं उतरतें. त्याच्या तळाशीं राखेचा हौद जमिनीस पक्का असतो. दोहोंच्या मधें पाण्यानें भरलेली चर असते व भट्टीच्या तळाची पत्र्याची झालर त्या पाण्यांत बुडालेली असते. संच पेटतो तेव्हां झालर पाण्यांत वीतभर खालीं जाते, विझतो तेव्हां वीतभर वर येते. आणि बाहेरची हवा मात्र आंत शिरत नाहीं.

त्या हौदांत पडते ती राख जाडीभरडी. तिच्या कितीतरी पट बारीक राख धुरांतून विजेच्या जाळ्यांनीं पकडली जाते. औष्णिक केंद्राच्या आसपासच्या वीटवाल्यांनीं ही राख वापरलीच पाहिजे असा नियम केंद्र सरकारनें १९९९ सालीं पन्नास किलोमीटरांच्या टापूसाठीं काढला व पुढें त्याचा टापू वाढविला. चुना व जिप्सम किंवा सिमेंट मिसळून, यंत्रांत दाबून या राखेची वीट पाडतात. ती भट्टींत घालावी लागत नाहीं. कांहीं दिवस पाणी मारून सावलींत पक्की करतात. तिचें काम पावसाळ्यांतहि छपराखालीं चालूं शकतें, आणि त्यास लागणारीं माणसें मातीच्या विटेपेक्षां कमी असतात. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणाऱ्या पाड्यांत या नव्या विटेविषयीं म्हणूनच दोन्ही प्रकारचें बोलणें ऐकूं येतें.